वर्गात जमतं, चाचणीत जमत नाही: बिघाड कुठे आहे ते कसं शोधायचं

लक्षण ओळखीचं आहे. आठवीला गणितातलं ‘चलन’, म्हणजे एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते ते, शिकवून झालं. फळ्यावरची उदाहरणं मुलांनी पटापट सोडवली, ‘समजलं का?’ म्हटल्यावर अख्खा वर्ग एका सुरात ‘हो मॅडम’ म्हणाला, सरावसंचाच्या वह्याही बरोबर आल्या. तीन आठवड्यांनी घटक चाचणीत तेच उदाहरण आकडे बदलून आलं आणि निम्म्या वर्गाची जागा कोरी. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘तवा येत होतं मॅडम, आता काहूनच आठवत नाही.’

हे दर सत्रात होतं, जवळपास प्रत्येक विषयात होतं, आणि दर वेळी औषधं तीच दिली जातात. धडा पुन्हा शिकवा, उत्तर दहा वेळा लिहून आणा, शनिवारी जादा तास घ्या. पालकसभेत मोबाइलच्या नावाने बोटं मोडायची ती वेगळीच. पुढच्या चाचणीत फारसा फरक पडत नाही, कारण बिघाड कुठे आहे हे न बघताच दुरुस्तीला हात घातलेला असतो.

मुलं खोटं बोलत नाहीत, हे धरून चाला. शिकवल्या-शिकवल्या जे येतं ते खरंच येत असतं. फक्त ते टिकेलच असं नाही. रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ साली ही दोन खाती वेगळी मांडली. गोष्ट डोक्यात किती पक्की रुजली आहे हे एक खातं, आणि आत्ता या घडीला ती किती सहज हाताशी येते हे दुसरं. तास संपताना शिक्षकाला दिसतं ते फक्त दुसरं. फळा समोर, पुस्तक उघडं, नुकतंच तसंच उदाहरण झालेलं. मग हाताशी येणारच. नागपुरात बर्डीहून महालात स्कूटरवर मागे बसून दहा वेळा गेलेल्याला रस्ता पाठ झाल्यासारखा वाटतो, हँडल हाती दिलं की पहिल्याच चौकात थांबून विचारावं लागतं.

आधी तपासणी

दहा-पंधरा दिवसांपूर्वी शिकवून संपलेला एक घटक घ्या. पूर्वसूचना न देता, अर्ध्या कागदावर, पंधरा मिनिटांत चार प्रश्न. वही-पुस्तक बंद. याला गुण नाहीत, हे सुरुवातीलाच सांगून टाका, नाहीतर शेजारच्या कागदाची तपासणी होईल. ‘चलन’ घेतलं तर प्रश्न असे:

पहिला, काहीही न सुचवता: व्यस्त चलन म्हणजे काय ते स्वतःच्या शब्दांत दोन ओळींत लिहा.

दुसरा, धागा हाती देऊन: ‘एक राशी दुप्पट झाली की दुसरी निम्मी होते, म्हणजे दोन्ही राशींचा ______ स्थिर राहतो.’

तिसरा, वर्गात सोडवलेलंच उदाहरण आकडे बदलून, आणि वर ‘व्यस्त चलन’ असं ठळक शीर्षक देऊन.

चौथा, तीन उदाहरणं वेगवेगळ्या घटकांतली, शीर्षक न देता. सोडवायची नाहीत, कुठलं कोणत्या प्रकारचं एवढंच लिहायचं.

कागदांचे गठ्ठे लावा. सगळं कोरं किंवा वाटेल ते लिहिलेलं असेल, तर गोष्ट आत शिरलीच नव्हती. पहिला कोरा पण दुसरा-तिसरा बरोबर, म्हणजे आत आहे, बाहेर येत नाही. पहिले तीन ठीक आणि चौथ्यात घोळ, म्हणजे पद्धत येते पण कुठली कधी वापरायची ते कळत नाही. आणखी एक गठ्ठा असतो, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही: काही कोरं नाही, ठामपणे लिहिलंय, चुकीचं लिहिलंय, आणि पाच-सात मुलांचं चुकीचं उत्तर हुबेहूब सारखं. कॉपी समजून सोडून देऊ नका. तिथे जुनी चुकीची समजूत ठाण मांडून बसलेली असू शकते.

साठ कागदांना अर्धा तास पुरतो, कारण गुण मांडायचे नसतात. दोन गठ्ठे सारखेच जाड निघाले, तर ‘शिरलंच नव्हतं’पासून सुरू करा, जे आत नाही ते आठवायला लावून उपयोग नाही.

शिरलंच नव्हतं

एका वेळी डोक्यात धरून ठेवता येतील अशा नव्या गोष्टी फार थोड्या. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सात, दोन अधिक-उणे, असा आकडा दिला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ साली तो साधारण चारवर आणला. आता व्यस्त चलनाचं पहिलं उदाहरण मोजून बघा. चलनाचं नवं चिन्ह, स्थिरांक ‘के’, दोन राशींची सारणी, एक्स गुणिले वाय बरोबर के हे समीकरण, वर शाब्दिक उदाहरणातली माणसं आणि दिवस. मूल पाचव्या गोष्टीला येईपर्यंत पहिली निसटलेली असते. शिक्षकाला हे जाणवत नाही, कारण वीस वर्षं शिकवून त्याच्यासाठी हे सगळं मिळून एकच गोष्ट झालेली आहे.

इथे जास्त उदाहरणं ‘तुमची तुम्ही सोडवा’ म्हणून देणं उलट पडतं. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत, नवशिक्यांना सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासायला दिल्यावर नुसतं सोडवायला लावण्यापेक्षा चांगला परिणाम दिसला. वर्गात हा क्रम वापरा: पहिली दोन उदाहरणं फळ्यावर पूर्ण सोडवा, प्रत्येक पायरीसमोर त्याच ओळीत ‘का’ लिहून. तिसऱ्यात शेवटची पायरी मुलांवर सोडा. चौथ्यात शेवटच्या दोन. पाचवं पूर्ण त्यांचं. वर्ग पाचव्यावर अडला तर सहावं पूर्ण उदाहरण देऊ नका, चौथ्यासारखं आणखी एक द्या. आणि ज्यांना जमू लागलं त्यांना सोडवलेली उदाहरणं दाखवत बसू नका. जमणाऱ्याला तीच मदत अडथळा होते.

फळ्याच्या दोन खोडी इथेच दुरुस्त होतात. एक, उतरवणं आणि ऐकणं एकाच वेळी. मूल फळ्यावरचं वहीत उतरवत असताना तुम्ही समजावून सांगत असाल, तर त्याच्यापर्यंत दोन्हीतलं एकच पोचतं, आणि ते बहुधा उतरवणं असतं. पेन खाली, तीन-चार मिनिटं नुसतं बघायचं आणि ऐकायचं. मग तुम्ही गप्प, त्यांनी उतरवायचं. दुसरी खोड भूमितीतली. आकृती डावीकडे, कोनांची मापं उजवीकडे यादी करून. मुलाची नजर आकृती आणि यादी यांच्यात येरझारा घालते आणि डोक्यातली जागा त्यातच संपते. माप कोनातच लिहा.

‘समजलं का?’ हा प्रश्न बंद करा. त्याचं उत्तर ‘हो’ असतं, यापलीकडे त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी एक छोटा प्रश्न, सगळ्यांनी वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात उत्तर, आणि एकदम वर. साठ उत्तरं एका नजरेत दिसतात. तोंडी विचारायचं असेल तर प्रश्न आधी, नाव नंतर, आणि मध्ये थांबा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली रेकॉर्डिंग तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादा सेकंदच थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प राहणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद उभं राहून बघा, फार लांब वाटतात. मनात ‘एक संत्रं, दोन संत्री, तीन संत्री’ म्हणा.

आत आहे, बाहेर येत नाही

उलट्या बाजूने चालणारी दुरुस्ती ही. मूल विसरलं की आपण ते पुन्हा सांगतो, आणि पुन्हा सांगितल्याने ते पुन्हा ओळखीचं वाटतं, एवढंच. हवं असतं ते डोक्यातून ओढून काढण्याचा सराव.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्याने पुन्हा न वाचता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे: ८१ टक्के विरुद्ध ७५. दोन दिवसांनी पारडं फिरलं: ५४ विरुद्ध ६८. आठवड्याने ४२ विरुद्ध ५६. पाच मिनिटांचा आकडा नीट बघा. तास संपताना शिक्षकाला नेमका तोच दिसतो, म्हणूनच पुन्हा वाचून घेणं, पुन्हा शिकवणं हे ‘चालतंय’ असं वाटत राहतं.

वर्गात याचं रूप साधं ठेवा. तासाची पहिली पाच मिनिटं, हजेरी चालू असतानाच. फळ्यावर चार प्रश्न तयार: दोन कालचे, एक मागच्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. वह्या बंद, मागच्या पानावर उत्तरं, तीन मिनिटं. मग दोन मिनिटांत उत्तरं फळ्यावर, आणि प्रत्येकाने वेगळ्या रंगाच्या पेनने स्वतःचं स्वतः सुधारायचं. वही तपासायला घ्यायची नाही. आठवड्यातून एकदा प्रश्नांऐवजी कोरं पान: ‘प्रकाशसंश्लेषणाबद्दल जे आठवतं ते सगळं लिहा, चार मिनिटं,’ आणि नंतर पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनने भरा.

हे करूनही काही शिक्षक महिनाभरात सोडून देतात. त्याची कारणं बहुतेक ठरलेली असतात.

गुण दिले जातात. गुण आले की मूल आठवण्यापेक्षा वाचण्याचा मार्ग शोधतं, आणि चुकलेलं लपवतं. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासातलं निरीक्षणही याला धरून आहे: नुसता शेरा मिळालेल्या मुलांची पुढची कामगिरी सुधारली, शेऱ्याबरोबर गुणही दिले तिथे शेऱ्याचा फायदा दिसेनासा झाला.

उत्तर लगेच दिलं जात नाही. ‘घरी जाऊन बघा’ म्हटलं की चुकीचं उत्तरच पक्कं व्हायचा धोका.

प्रश्न फार सोपे. चार पर्याय देऊन बरोबरवर खूण, हा बहुतेकदा ओळखण्याचा सराव, आठवण्याचा नाही. पर्याय द्यायचेच तर चुकीचे पर्याय मुलं खरंच करतात त्या चुकांतून घ्या.

आणि पहिल्या बाकावरची तीच तीन मुलं ओरडून उत्तर देतात, बाकीच्यांचा सराव तिथेच संपतो. लिहूनच घ्यायचं. तोंडी नाही.

किती अवघड ठेवायचं याला एक कामचलाऊ मोजमाप: वर्गातल्या निम्म्याहून कमी मुलांना आलं, तर शिकवणं आणि विचारणं यांतलं अंतर जास्त झालंय किंवा गोष्ट शिरलीच नव्हती; मागे जा. सगळ्यांना चुटकीसरशी आलं तर अंतर वाढवा. थोडं डोकं खाजवावं लागणं हेच हवंय.

अंतराबद्दल. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा आलेख काढला: सुरुवातीला घसरण वेगाने, नंतर हळू. शिक्षक प्रशिक्षणात ‘चोवीस तासांत अमुक टक्के विसरतं’ असे तक्ते फिरतात ते त्यावरूनच. पण ते आकडे निरर्थक अक्षरगटांचे आणि एका माणसाचे आहेत. तुमच्या वर्गाला टक्केवारी म्हणून लावू नका, घसरणीचा आकार तेवढा घ्या. जास्त उपयोगी काम निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांचं, २००८ चं: परीक्षा जितकी लांब, तितकं उजळणीचं अंतर जास्त चांगलं. परीक्षा आठवड्यावर असेल तर एखादा दिवस, महिनाभरावर असेल तर दीड आठवड्याच्या आसपास, वर्षावर असेल तर तीन आठवडे.

टाचण वहीत, म्हणजे तासांची आखणी लिहायच्या वहीत, यासाठी फार काही लागत नाही. घटक संपला की शेवटी तीन आठवणप्रश्न लिहा आणि समोर चार तारखा टाका: उद्या, चार दिवसांनी, अकरा दिवसांनी, तीन आठवड्यांनी. रोज सकाळी वही चाळायची, आजची तारीख जिथे दिसेल तो प्रश्न फळ्यावर. नागपुरात पहिलं सत्र जूनच्या अखेरीस सुरू होतं आणि मध्ये पोळा, मारबत, महालक्ष्म्या, दसरा अशा सुट्ट्या पडतात. या सुट्ट्या तुमच्या कामाच्या आहेत. अंतर आपोआप पडतं. सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला नवा धडा उघडू नका, शिळे चारही प्रश्न घ्या. मार्च-एप्रिलला ऊन चढल्यावर शाळा सकाळची आणि तास आखूड झाले, तर चारचे तीन प्रश्न करा, पण बंद करू नका.

‘पोर्शन कसा संपायचा?’ हा प्रश्न येतोच. आठवड्याला सहा तास धरले तर अर्धा तास जातो. परीक्षेच्या आधी उजळणीत जे आठ-दहा तास जातात आणि ज्यात सगळं पहिल्यापासून पुन्हा शिकवलं जातं, त्यातून तो वळता करा. पाच मिनिटांची सवय लागली असेल तर ती लांबलचक उजळणी बरीच आखडते.

पद्धत येते, निवड येत नाही

गणितात हा गठ्ठा सगळ्यात जाड निघतो, आणि दोष बहुतेकदा मुलाचा नसून सरावाच्या मांडणीचा असतो. सवलत व कमिशनचा सरावसंच सोडवताना मुलाला उदाहरण वाचावंच लागत नाही. धड्याचं नावच सांगतं काय करायचं. टक्के काढायचे, वजा करायचे, पुढचं उदाहरण. चाचणीत धड्याचं नाव नसतं.

ही चार उदाहरणं एकाखाली एक द्या:

इतवारीतल्या कापड दुकानात १,५०० रुपये छापील किमतीच्या साडीवर शेकडा २० सूट आहे. ग्राहकाने किती द्यायचे? कळमन्याच्या अडत्याने संत्र्याच्या २५० पेट्या प्रत्येकी ८०० रुपयांना विकल्या आणि शेकडा ६ कमिशन घेतलं. बागवाल्याच्या हाती किती आले? १०,००० रुपयांवर दसादशे १० दराने २ वर्षांचं चक्रवाढव्याज किती? बागेची तोडणी १२ मजूर १० दिवसांत करतात. तेच काम १५ मजूर किती दिवसांत करतील?

उत्तरं १,२०० रुपये, १,८८,००० रुपये, २,१०० रुपये आणि ८ दिवस. वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेली असताना ही चारही सोपी आहेत. एकत्र आली की चौथ्याला हमखास साडेबारा दिवस असं उत्तर येतं: मुलाने १० ला १५ ने गुणलं, १२ ने भागलं, आणि मजूर वाढल्यावर दिवसही वाढले याकडे त्याचं लक्षही गेलं नाही. तिसऱ्याला कुणी २,००० लिहितं, म्हणजे सरळव्याज काढलं. दुसऱ्याला १२,००० लिहून थांबणारेही असतात. ते कमिशन झालं, बागवाल्याचे पैसे नाहीत. आकडेमोड तिघांचीही बरोबर आहे.

म्हणून सरावाआधी ओळख-फेरी घ्या. आठ-दहा उदाहरणं, प्रत्येकाला अर्धा मिनिट, सोडवायचं काहीच नाही. फक्त दोन गोष्टी लिहायच्या: कोणत्या प्रकारचं, आणि कशावरून ओळखलं. ‘मजूर वाढले, दिवस कमी व्हायला पाहिजेत’ एवढं लिहिलेलं पुरे. गृहपाठही असाच लावा: दहापैकी चार आजच्या घटकाची, सहा मागच्या तीन-चार घटकांमधली, क्रम विस्कटून. नवीन प्रकाशनाची वर्कबुकं यासाठी विकत घ्यायची गरज नाही. आहे त्याच पुस्तकातली उदाहरणं क्रमांकाने मिसळून लिहून दिली तरी चालतं.

पालक आणि मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा, कारण सुरुवातीला गृहपाठाचे गुण घसरतील. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली छापलेल्या प्रयोगात घनाकृतींचं घनफळ काढायचं होतं. एकाच प्रकारची उदाहरणं सलग सोडवणाऱ्यांनी सरावात ८९ टक्के बरोबर केली, मिसळून सोडवणाऱ्यांनी ६०. आठवड्याने परीक्षा झाली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर, मिसळवाले ६३ वर. सरावाच्या वहीवरून निर्णय घेणारा शिक्षक इथे नेमकी चुकीची पद्धत निवडेल.

एक मर्यादा मात्र पाळा. घटक शिकवला त्याच दिवशी मिसळू नका. पहिले एक-दोन दिवस सलग सराव, पद्धत हाताला बसली की मग मिसळा.

ठाम आणि चुकीचं

०.३५ मोठं की ०.५? ‘पस्तीस पाचापेक्षा मोठे’ म्हणून ०.३५ लिहिणारं मूल गोंधळलेलं नाही. पूर्ण संख्यांचा त्याचा नियम पक्का आहे, फक्त तो इथे चालत नाही. तसंच बल्बमधून जाताना विद्युतधारा ‘खर्च’ होते, ही समजूत. तसंच एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. बरोबर उत्तर सांगून हे जात नाही. मूल ते चाचणीपुरतं वहीत ठेवतं आणि डोक्यात जुनंच.

आधी अंदाज लिहून घ्या, आणि शेजारी खात्री किती ते एक ते पाचमध्ये. मग दाखवा. विद्युतधारेसाठी सेल, बल्ब आणि दोन अ‍ॅमीटर एकसर जोडा, एक बल्बच्या अलीकडे, एक पलीकडे. एकच अ‍ॅमीटर असेल तर जागा बदलून दोनदा वाचन घ्या. वाचन दोन्हीकडे सारखं येतं. ‘पाच’ लिहिलेल्या मुलांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो, आणि तो धक्का कामाचा आहे: ब्रॅडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ साली दाखवलं की जास्त खात्रीने केलेल्या चुका, बरोबर उत्तर मिळाल्यावर, कमी खात्रीच्या चुकांपेक्षा जास्त चांगल्या सुधारतात.

पण इथेच थांबलात तर काही दिवसांनी जुनी समजूत परत येते. त्याच समजुतीचा दुसरा प्रश्न, वेगळ्या वस्तू घेऊन, आठवडा आणि तीन आठवडे झाल्यावर विचारा. वाचन अ‍ॅमीटरच्या काट्यामुळे किंचित वेगळं आलं तर ‘तेवढंच खर्च झालं’ असं मूल लगेच म्हणेल. आधी घरी जोडून बघा.

काय सोडून द्यायचं

पुस्तकात पिवळ्या पेनने रेघा ओढणं आणि तोच धडा पुनःपुन्हा वाचणं: जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दहा अभ्यासपद्धती तपासल्या, त्यात या दोन्ही तळाला आणि आठवणसराव व अंतराने सराव वर. उत्तर दहा वेळा लिहिणं: तिसऱ्या वेळेपासून हात लिहितो, डोकं नाही. मुलांचे ‘बघून शिकणारे’, ‘ऐकून शिकणारे’ असे गट पाडणं: हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली पुरावे तपासले आणि अशा गटांनुसार शिकवण्याला पुरेसा आधार सापडला नाही. आकृती हवी तिथे सगळ्यांनाच आकृती लागते, पाढा सगळ्यांनाच कानाने लागतो.

दुरुस्ती झाली की नाही

चार आठवड्यांनी तीच तपासणी, नव्या घटकावर, पुन्हा न सांगता. पहिल्या कागदांशी गठ्ठ्यांची जाडी ताडून बघा. पहिला प्रश्न, म्हणजे न सुचवता आठवण्याचा, सुधारला नसेल तर तारखा पाळल्या गेल्या का ते टाचण वहीत बघा. बहुतेक वेळा महिन्यापूर्वीचा प्रश्नच गाळला गेलेला असतो, कारण त्याला सगळ्यात कमी उत्तरं येतात आणि ते बघवत नाही.

सगळं करूनही दोन-चार मुलं जिथल्या तिथे राहतील. त्यांच्याबाबत आठवण तपासण्याआधी वाचन तपासा. तेच शाब्दिक उदाहरण मुलाला शेजारी बसवून तोंडी सांगा, शक्य तर त्याच्या घरच्या बोलीत. नागपुरात एकाच बाकावर वऱ्हाडी, हिंदी आणि कधी गोंडी बोलणारी मुलं असतात, आणि प्रश्नपत्रिकेतलं ‘दिलेल्या माहितीच्या आधारे’ वाचता वाचताच काहींची दमछाक होते. ऐकून उत्तर आलं, तर गणित ठीक आहे. अडचण वाचनाची किंवा प्रश्नाच्या भाषेची आहे. मग आठवड्यातून दोनदा ओळख-फेरीची उदाहरणं त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि ‘काय विचारलंय’ हे त्याच्याच शब्दांत सांगायला लावा.

ऐकून छान, वाचून अडखळत, अक्षरांची अदलाबदल, फळ्यावरून उतरवताना ओळी गळणं, हे दोन-तीन महिने सातत्याने दिसलं तर आधी डोळे तपासून घ्यायला सांगा. डोळे ठीक निघाले तर पालकांना बोलावून अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी पाठवा. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती आहेत, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. ते आठवी-नववीत काढायला घ्या. दहावीचा फॉर्म भरायची वेळ आल्यावर धावपळ केली तर उशीर झालेला असतो.